कान बघून गणित

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत मुलांना कान दाखवायला नेतात. ज्यांच्याकडे नेतात ते कानाचे डॉक्टर नाहीत. चौगुले सर गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, आणि अकरावीला मुलानं गणित घ्यावं की सोडावं हे ते कानाची पाळी दाबून ठरवतात.

ही पद्धत त्यांना कुठल्या शिक्षणशास्त्रात सापडली, हे मला ग्रंथपाल असूनही शोधता आलेलं नाही. सर तरुणपणी सकाळी तालमीत असत आणि दुपारी शाळेत. तालमीत त्यांचा डावा कान मोडला. सुकलेल्या अंजिरासारखा तो अजून डोक्याला चिकटून आहे. शाळेत त्यांनी काय काय मोडलं ते त्यांचे विद्यार्थी सांगतात, पण ते छापण्यासारखं नाही. दोन्हीकडची विद्या एकत्र कालवून सरांनी एक सिद्धांत केला आहे. "गणित म्हंजे कुस्ती. जोड बरोबरीची लागली पायजे. हलक्या पोराम्होरं जड पैलवान उभा केला तर मान मोडती."

परीक्षा संध्याकाळी, सरांच्या दारातल्या कट्ट्यावर, चारचौघांच्या देखत होते. आधी कान. सर दोन बोटांत पाळी धरतात, डोळे मिटतात आणि मंडईत वांगं दाबून बघावं तशी दाबतात. "कच्चा हाय." आजवर पक्का कान कुणाचाच निघालेला नाही. मग एक गणित देतात. ते सुटणार नाही याची खात्री करूनच निवडलेलं असतं. मुलगा हातात खडू घेऊन कट्ट्याच्या फरशीवर झुंजतो, आणि सर फरशीकडे ढुंकूनही न बघता मुलाच्या तोंडाकडे बघतात.

"आकडं कोण बघतंय? पडतोय कसा ते बघायचं."

हरल्यावर जो आईबापाकडे बघतो, त्याला बायोलॉजी. गणितच चुकीचं आहे असं जो म्हणतो, त्याला कॉमर्स. हरूनही जो जिंकल्यासारखा हसतो, त्याला आर्ट्स, आणि वर नगरसेवक होण्याचा आशीर्वाद. निकाल मात्र सगळ्यांना एकाच आवाजात मिळतो, आणि तो आवाज कुस्तीच्या मैदानातला असतो. "जोड विषम हाय! घेऊन जावा पोराला!" इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. मुलाचं तोंड एवढंसं होतं. आईबाप पाया पडून जातात. क्लासवाल्यानं फी घेऊन खाजगीत केला असता तो अपमान इथे फुकट आणि जाहीर झाला, याचं त्यांना समाधान असतं.

मी या गल्लीचा जावई. हातकणंगल्याहून इथे राहायला येऊन आता माझी मुलगी मुक्ता दहावी झाली, तरी सरांच्या लेखी मी अजून पाहुणाच. "काय पावणं, पुस्तकं मोजून झाली?" हा त्यांचा रोजचा रामराम. माझी बायको सुनंदा इथेच वाढली. सर एकटे राहायला लागल्यापासून ती त्यांना संध्याकाळचा डबा पाठवायची. गेल्या वर्षी सुनंदा गेली. डबा थांबला नाही. भाकऱ्या कामाच्या बाई करून जातात, आमटी मुक्ता करते, आणि डबाही मुक्ताच नेते. चार घरं पलीकडे डबा द्यायला जाऊन ही मुलगी तासाभरानं परत यायची, तेव्हा बोटांना खडू लागलेला असायचा. "आज सर चितपट," एवढं सांगून आत जायची. त्या दिवसांत आमच्या घरात एवढंच बोलणं होत होतं.

कोपऱ्यावर रणजितचं औषधाचं दुकान आहे. रणजित हा सरांनी विषम ठरवलेल्यांपैकी एक. सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो होतो, तेव्हा त्यानं मला विचारलं, "म्हाताऱ्याचा डाव कळला न्हाय व्हय तुम्हाला अजून?"

"कसला डाव?"

"सरांनी हो म्हटलेला एक माणूस गल्लीत दाखवा. पैला त्यांचाच पोरगा, अभिजित. त्याला हो म्हटलं, तो गेला कॅनडाला. मग कुलकर्ण्यांचा पोरगा, बेंगळुरूला. शिंद्यांची पोरगी, पुण्याला. तवापासनं शहाणं झालंय म्हातारं. आता कुणालाच हो म्हणत न्हाय. आणि आम्ही नापास झालेली समदी बघा, हितंच. रविवारी त्यांच्या कट्ट्यावर भडंग खात कोण बसतंय? आम्हीच की!"

मला ते पटलं. खरं म्हणजे आवडलं. मुक्ताला गणितच हवं होतं. कॉलेजच्या अर्जात विषयाचा एक रकाना भरायचा राहिला होता, आणि "सर म्हणतील तसं" असं तिनं स्वतःच कबूल केलं होतं. गणित घेतलं की दोन वर्षांनी ती गल्लीबाहेर पडणार हे मला दिसत होतं. बायोलॉजी घेणारी मुलं जन्मभर घरी राहतात असं नाही. पण अशा वेळी माणूस तर्कशास्त्राच्या कपाटाकडे जात नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एकटाच सरांकडे गेलो.

"सर, जरा बघून सांगा. एकटीच आहे ती मला."

सर भाकरी मोडत होते. "नुरा कुस्ती लावायला आलायसा व्हय, पावणं?" नुरा म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली. "आणि ती बी सवताच्या पोरीची?"

"तसं नाही, सर."

"मग कसं?"

मी डब्याचं झाकण सरळ केलं. सरांनी घास आमटीत बुडवून खाल्ला. मग म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय म्हणून सांगा तिला."

मी निर्धास्त होऊन घरी आलो. ज्याला उद्याही तिच्याच हातची आमटी हवी, तो माणूस काय निकाल देणार हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यासमोर नेहमीपेक्षा जास्त लोक. रणजित दुकान उघडं टाकून आलेला. सरांनी मुक्ताचा कान धरला. "कच्चा हाय." मग गणित. मुक्ताची फरशी भरली, पण उत्तर येईना. हरली की ती माझ्याकडे बघेल, म्हणून मी मुद्दाम तिच्या अगदी समोर उभा होतो. तिनं बघितलं नाही. पुसलंही नाही. कोपऱ्यात उरलेल्या जागेत तिनं नवी ओळ सुरू केली.

"सोड आता," सर म्हणाले.

"थांबा हो, सर."

"हरलीयास की."

"पाठ कुठं टेकलीय अजून?"

कुणीतरी शिट्टी मारली. सर नेहमीसारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी पहिल्यांदाच मान खाली घालून फरशीकडे बघितलं. एका आकड्यावर बोट ठेवलं, उचललं. मग काहीतरी पुटपुटले.

"काय म्हटलं, सर?" रणजित ओरडला. "ऐकू न्हाय आलं!"

"तुला कान असतील तर येईल की ऐकू! घे म्हटलं तिला! गणित घे!"

मुक्तानं सरांच्या पायाला हात लावला आणि फॉर्म भरायला घराकडे पळत सुटली. डबा तिथेच राहिला. लोक पांगले. रणजितला उघडं टाकलेलं दुकान आठवलं.

मी सरांवर चिडलो होतो. ते त्यांना दिसत होतं. खडूनं भरलेल्या फरशीवर पाय पडू नये म्हणून ते कडेकडेनं सरकले आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

"बस."

मी बसलो.

"दोन वर्षं हायती अजून," ते म्हणाले. "अभिजितला हो म्हटलं तवा मला वाटलं, दोन वर्षं लई झाली. कळली बी न्हाईत." त्यांनी डबा उघडला, आमटीत बोट बुडवून चाखली. आज मीठ बरोबर असावं, कारण त्यांनी पुन्हा बोट बुडवलं.

"पुढं डबा कोण करणार?"

"मी करीन."

"भाकरी येती?"

"नाही."

"आमटी?"

"नाही."

सर माझ्याकडे वळले. दोन बोटांत माझ्या कानाची पाळी धरली, डोळे मिटले, आणि नीट, वेळ घेऊन दाबली.

"कच्चा हाय," ते म्हणाले. "रोज यायला लागंल."