धुतल्यावर निघेल अशी वाईन

"आई, आत्ताच सांगून ठेवते," लेक म्हणाली, "शनिवारी डागांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

डागकाकूंनी वाफेची इस्त्री उचलून बाजूला ठेवली. गल्लीत त्यांना याच नावाने ओळखत. लाँड्री नवराबायकोची, पण कपडा आत आला की आधी काकूंच्या डोळ्यांखालून जायचा. कॉफी, ग्रीस, गवत, रक्त, लिपस्टिक. त्या नुसतं बघून सांगत, आणि कधीकधी गिऱ्हाईकाला नको असलेलंही सांगून जात.

"मी कुठं काय बोलते?"

"मागे तो चहाला आला होता तेव्हा काय केलंस?"

काकूंनी आठवून पाहिलं. होणारा जावई पहिल्यांदाच घरी आलेला. मुलगा गोड, हसरा, पण खिशाखाली शाईचा डाग, आणि तोही कुणीतरी गरम पाण्यात घालून पक्का करून ठेवलेला. अशा वेळी माणसानं गप्प कसं बसायचं? बिचाऱ्याने पुढचा सगळा चहा बनियनवर घेतला, आणि शर्ट मोरीत भिजत पडला.

"निघाला ना पण डाग?"

"आई!"

काकूंनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. शनिवारी त्या मुलाची आई जेवायला येणार होती. बाई आर्किटेक्ट, बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आलेल्या, तिथल्या वाईनचा मोठा शौक.

"जेवणाचं मी बघते," लेक म्हणाली. "तू आणि बाबांनी फक्त वाईन आणायची. ऑस्ट्रेलियन. एक लाल, एक पांढरी. आणि त्यांच्यासमोर तू नुसती आई हो गं. दुकान होऊ नकोस."

ती ऑफिसला निघून गेली. काकू मात्र त्या वाक्यापाशीच उभ्या राहिल्या. लहानपणी हीच पोर काउंटरखाली कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायची. आता तिला दुकानाची लाज वाटते का? विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर?

त्यापेक्षा तिचं म्हणणं पाळायचं. गप्प बसायचं. पण काकू स्वतःला ओळखून होत्या. समोर लाल वाईन सांडली तर देवसुद्धा आपल्याला गप्प बसवू शकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. डाग पडलाच नाही तर विषय निघणार कुठून? वाईनच अशी आणायची की जिचा डाग पडत नाही, आणि पडलाच तर सुटतो.

वाईनच्या दुकानात गळ्यातल्या दोरीला चष्मा अडकवलेले एक गृहस्थ बसले होते.

"ऑस्ट्रेलियन म्हणजे द्राक्ष कुठलं? आणि प्रदेश कुठला?" त्यांनी विचारलं.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे.

"तुम्हीच सांगा की," काकू म्हणाल्या. "प्रदेशानं काय फरक पडतो?"

गृहस्थ खुलले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसावं. "ही बरोसाची शिराझ बघा. तिकडं ऊन कडक. द्राक्षाची साल जाड होते, वाईन गडद, दाट, जवळजवळ शाईसारखी."

शाई म्हटल्यावर काकू मागे सरकल्या. "ही नको."

"मग कूनवाराची कॅबर्ने सोव्हिन्यों? तिथली मातीच लाल..."

"लाल माती?" काकूंच्या अंगावर काटा आला. "अजिबात नको. साल पातळ असलेलं द्राक्ष नाही का एखादं?"

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काकूंना नीट न्याहाळलं. "आहे ना. पिनो न्वार. यारा व्हॅलीची घ्या. थंड भाग, साल पातळ, रंग फिका."

"ही द्या."

"अगं, पाण्यासारखी दिसतेय," काका कुजबुजले. "विहीणबाईंना सरबत पाजायचंय का?"

"तुम्ही गप्प बसा हो."

पांढरीची पाळी आली. मार्गारेट रिव्हरची शार्डने लाकडी पिंपात मुरवलेली होती. काकूंनी मान हलवली, लाकूड रंग सोडतं. हंटर व्हॅलीची सेमियाँ ठेवली की हळूहळू पिवळी, मधाच्या रंगाची होते असं गृहस्थ कौतुकाने सांगू लागले, आणि काकूंनी हातच जोडले. पांढऱ्या वाईनचा हा कपटीपणा त्यांना चांगला माहीत होता. आज काही दिसत नाही, आणि पुढच्या आठवड्यात इस्त्री फिरवली की कपड्यावर पिवळा नकाशा उमटतो. शेवटी क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंगवर सौदा ठरला. लिंबासारखी, कोरडी, लाकडाशी संबंध नाही.

इथवर सगळं ठीक होतं. लेकीलाही त्यांनी कळवून टाकलं, लाल पिनो आणि पांढरी रीसलिंग. पण काकूंच्या धंद्याचा एक नियम होता. कुठलीही नवी गोष्ट आधी चिंधीवर. साबण असो, औषध असो, कितीही नावाजलेलं असो, चिंधीवर पाहिल्याशिवाय कपड्याला लावायचं नाही. मग लेकीच्या संसाराला न पाहता कसं लावायचं?

त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत सुती, लिनन, रेशीम आणि लोकर अशा पट्ट्या मांडल्या आणि पिनोचं बूच काढलं. प्रत्येक पट्टीवर थोडी ओतली, वाट पाहिली, गार पाण्याखाली धरली. निघाली. पण निघाली म्हणजे किती निघाली? दुसरी कुठली शेजारी असल्याशिवाय कळणार कसं?

"जा, ती शिराझपण घेऊन या," त्या काकांना म्हणाल्या. "आणि कॅबर्ने. पांढऱ्याही आणा. एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू."

काका आनंदाने गेले. त्यांना वाटलं, आता थोडी चवही बघायला मिळेल. परत आले तर काकूंनी सगळ्या बाटल्या उघडल्या आणि चिंध्यांवर ओतल्या. मागच्या दोरीवर जांभळ्या, गुलाबी, पिवळसर पट्ट्यांची रांग लागली. कोट न्यायला आलेल्या एका बँकवाल्याने आत डोकावून विचारलं, "काकू, कुणाला मारलंत की काय?"

निकाल लागला. पिनो गार पाण्याला शरण गेली. कॅबर्नेने थोडी कुरकुर केली. शिराझ मात्र पट्टीला अशी चिकटून बसली की जणू तिचं माहेरच ते. काकू समाधानाने मागे टेकल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाहुण्यांसमोर ठेवायला बंद बाटली एकही उरलेली नाही.

"मग आता या अर्ध्या बाटल्या..." काका आशेने म्हणाले.

"उद्या लोकांचे कोट इस्त्री करायचेत. डोकं ठिकाणावर हवं."

काकूंनी सगळ्या मोरीत ओतल्या. काका दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा वाईनच्या दुकानात हजर. गृहस्थ उठून उभे राहिले.

"सगळ्या संपल्या?"

"संपल्या."

"एका रात्रीत? आणि कशा वाटल्या?"

"पिनो गुणी आहे," काकू म्हणाल्या. "शिराझ फार हट्टी. एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही. पिनो आणि रीसलिंगच द्या परत."

गृहस्थांनी अदबीने बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. तेवढ्यात रस्त्यावरून एका गिऱ्हाईकाची हाक आली, म्हणून बाटल्या काकांच्या हाती सोपवून काकू पुढे गेल्या. काका मागे रेंगाळले. तिथेच सगळं बिघडलं, पण ते कळायला शनिवार उजाडावा लागला.

शनिवारी विहीणबाई आल्या त्या फिकट दुधी लिननचा कोट घालून. काकूंनी तो नकळत पारखला. लिनन, तेही दुधी, आणि बाहीला साध्या टाक्याची शिवण. त्यांनी नजर छताकडे वळवली.

"तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," विहीणबाई बसता बसता म्हणाल्या.

लेकीने आईकडे रोखून पाहिलं.

"माझा वाईनवाला सांगत होता. एक बाई येतात म्हणे, द्राक्षाच्या सालीवरून वाईन निवडतात, रात्रीत बाटल्यांची रांग संपवतात. लाँड्री आहे त्यांची. म्हटलं, या तर आपल्या विहीणबाई! मला तर बाई धडधडतंय तुमच्यासमोर."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. रात्रीत बाटल्यांची रांग? जावयाने कौतुकाने काकूंकडे पाहिलं. काकूंना खरं सांगायची फार इच्छा झाली, पण खरं सांगायचं तर चिंध्या आल्या, चिंध्या आल्या की डाग आले.

"छे हो," त्या म्हणाल्या. "थोडंसं आपलं."

"कूनवाराची कॅबर्ने कशी वाटली? लोक म्हणतात तिला पुदिन्याचा वास असतो."

काकूंनी एक थेंबही जिभेला लावलेला नव्हता. "असतो का?" त्या म्हणाल्या. "माझं लक्ष रंगाकडंच होतं."

"वा!" विहीणबाईंनी मान डोलावली.

काकांनी लाल वाईन ओतायला घेतली. काकूंनी पेल्याकडे पाहिलं. पेल्यात फिका माणकासारखा रंग नव्हता. काळसर, दाट, आरपार न दिसणारं काहीतरी होतं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका मीठदाणी निरखत होते.

"बदलून आणली," ते ओठ न हलवता पुटपुटले. "एवढी मोठी बाई. पाणी काय पाजायचं तिला?"

पुढे भाजलेली कोंबडी आली, बटाटे आले, घरांच्या आराखड्यांवर गप्पा झाल्या, पण काकूंना काही ऐकू येत नव्हतं. त्या पेल्यांवर पहारा देत होत्या. हा कडेला सरकला, तो कोपराजवळ आला. लेकीला वाटलं आई किती शांत बसलीय, आणि तिने आईच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला. काकूंना रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी बटाट्यांचं भांडं घ्यायला जावई पुढे वाकला, आणि त्याच्या कोपराने शिराझचा भरलेला पेला स्वतःच्याच आईच्या छातीवर पालथा केला.

दुधी लिननवर जांभळं तळं पसरत गेलं. काकूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ओठ घट्ट मिटले. डोळेसुद्धा मिटले. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

"मीठ! मीठ टाका!" विहीणबाई ओरडल्या.

"पांढरी ओततो वरून, पांढरीनं जातं!" जावयाने रीसलिंग उचलली. काकांनी रुमाल काढून जोरजोरात चोळायला सुरुवात केली. मिटल्या डोळ्यांनीही काकूंना ते चोळणं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक आवाजागणिक त्यांचा जीव कासावीस होत होता.

"चोळू नका!"

आवाज दुकानातला होता. भरल्या काउंटरवरून मागच्या खोलीपर्यंत पोचणारा. काकू दचकल्या. आपण तोंड उघडलं की काय? डोळे उघडून पाहिलं तर लेक उभी होती, बाह्या कोपरापर्यंत सरकवून.

"बाबा, हात काढा! चोळलं की धाग्यात जातं, किती वेळा सांगितलंय? आणि तू ती बाटली खाली ठेव, मूर्खा. मीठ नको, कुणी आणलं मीठ? मावशी, कोट काढा. आत्ता. लाजू नका, आईची शाल देते." तिने कोट उजेडात धरला, बोटाने कडा चाचपली. "शिराझ आहे ही! आई, तू तर पिनो आणणार होतीस ना?"

काकूंनी मांड्यांखालचे हात हळूच बाहेर काढले.

"अगं, बसलीस काय? गार पाणी सोड. उलट्या बाजूनं."

काकू उठल्या. मोरीवर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एकीने कोट ताणून धरला, दुसरीने धार सोडली. मागे दारात शाल पांघरलेल्या विहीणबाई टाचा उंचावून बघत होत्या.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं गं?"

"कुणी शिकवायला कशाला हवं?" लेक पाण्यातून हात न काढता म्हणाली. "आमच्या दुकानात मी वाढलेय."

काकूंनी नळ जरा जास्तच मोठा केला. डोळ्यांचं पाणी नळाच्या आवाजात लपत नाही, पण तेवढंच.

"मग निघेल का हा?" विहीणबाईंनी घाबरत विचारलं.

लेकीने कोट झटकला, पाहिला, आणि गिऱ्हाईकाला सांगावं तसं थंडपणे म्हणाली, "बुधवारी या. प्रयत्न करू. पूर्ण निघेलच अशी हमी देत नाही आम्ही."

खरं होतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात काकूंनी ती कधीच कुणाला दिली नव्हती, अगदी सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. त्यांनी हात पदराला पुसले आणि विहीणबाईंकडे वळल्या.

"देते," त्या म्हणाल्या. "हमी."