बाईंची उडी

बॅग भरताना बाईंना नवऱ्याच्या मोज्यात टॉर्च सापडला आणि भांडणाला तोंड फुटलं. दुसऱ्या मोज्यात छोटी हातोडी होती. दाढीच्या सामानात लाल चिठ्ठ्यांची गुंडाळी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजीत छापलं होतं, 'तपासणी होईपर्यंत वापर बंद.'

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"असू दे गं. लागेलच असं नाही, पण जवळ असलेलं बरं."

"आपण फिरायला चाललोय! बेटावर! तिथे कुणाची लिफ्ट तपासणार आहात?"

"मी कुठे म्हटलं तपासणार म्हणून?"

बाईंनी टॉर्च आणि हातोडी परत खणात टाकली आणि खण पायानं लोटला. चिठ्ठ्यांची गुंडाळी तेवढी खणात गेली नाही. ती नवऱ्यानं पँटच्या खिशात सरकवली, पण हे बाईंना कळायला समुद्र ओलांडावा लागला.

बाई बालवाडी चालवत. दुसऱ्यांची पोरं घसरगुंडीच्या टोकावर बसवायची, "सोड हात! काही होत नाही!" म्हणायचं आणि हलकेच ढकलून द्यायचं, यात त्यांची उमर गेली. नवरा लिफ्टचा सरकारी तपासनीस. नुकताच निवृत्त झालेला. सगळी कॉलनी त्यांना तपासनीसच म्हणायची, आणि चिडली की मुलगीसुद्धा. प्रत्येक वस्तूला कान लावायचा आणि तिच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची नोकरी होती आणि नोकरी संपल्यावर ती घरी आली. त्यांच्या कृपेनं बाई शहरातल्या प्रत्येक मोठ्या दुकानात पिशव्या घेऊन जिन्यानं चढल्या होत्या, कारण "या लिफ्टचा आवाज मला बरा वाटत नाही." एकदा तर या माणसानं बालवाडीच्या घसरगुंडीलाच लाल चिठ्ठी लावली. पोरं घसरगुंडीखाली बसून रडली. बाईंनी ते अजून माफ केलेलं नव्हतं, आणि का करावं?

कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर त्या बेटांच्या देशाचं चित्र. धुरकट डोंगर, निळा समुद्र आणि खोल दरीवरचा एक पूल. मरायच्या आधी तिथे जाऊन तीन गोष्टी करायच्या, हे बाईंनी मुलगी लहान असतानाच ठरवलं होतं. ज्वालामुखीच्या तोंडात डोकवायचं, बोटीमागे छत्रीला लटकून समुद्रावर उडायचं आणि पायाला दोरी बांधून त्या पुलावरून उडी मारायची. पहिल्या दोन जमल्या तर जमल्या. उडी मात्र मारायचीच होती. त्यात डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की परतल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर उडीबिडी विसरायची. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"आई, एकटी जा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "बाबांना घरी ठेव."

"घरी ठेवले तर घर बंद पाडतील गं."

ज्वालामुखीवर रोपवेनं जायचं होतं. रांगेत उभं असताना बाईंनी नवऱ्याकडून शब्द घेतला, की हात खिशात राहतील आणि तोंड बंद राहील. हात राहिले. डबा सुटला, खाली झाडं लहान होऊ लागली, एक बाळ टाळ्या वाजवू लागलं आणि तपासनीसांनी मान तिरकी केली.

"ऐकलंस?"

"नाही," बाई दातांतून म्हणाल्या.

"टक् टक् येतंय. दरवाज्याच्या बाजूनं."

"अहो, तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द दिलाय म्हणून सगळ्यांना खाली पाडू?"

'खाली पाडू' एवढंच डब्यात सगळ्यांना ऐकू गेलं. बाळाच्या आईनं बाळाला घट्ट धरलं, बाळानं भोकाड पसरलं. मधल्या ठाण्यावर डबा आला तसे लोक एकमेकांना ढकलत उतरले. तिथल्या माणसाचा नियम असा, की प्रवाशांनी आवाजाची तक्रार केली की सगळा रोपवे थांबवून तपासायचा. त्यानं थांबवला. वरचे वर लटकले, खालचे खाली ताटकळले, आणि डोंगरावर ढग येऊन बसले ते दिवसभर हलले नाहीत.

आवाज सापडला. बाईंच्या पिशवीतली पाण्याची स्टीलची बाटली दरवाज्याला आपटत होती.

रोपवेवाला बाटली हातात घेऊन बाईंकडे बघत राहिला. सगळी रांग बाईंकडे बघत राहिली. तपासनीस मात्र एखादं काम मार्गी लावल्यासारखे समाधानी दिसत होते.

"खात्री झाली ना?" ते म्हणाले. "आता निर्धास्त जाता येईल."

"कुठे? ढगात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर त्यांनी नवऱ्याला वाळूत बसवलं आणि सांगितलं, "इथून हलायचं नाही. बोटीकडे बघायचंसुद्धा नाही." बालवाडीतल्या सगळ्यात वांड पोराला त्या ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात. मग त्या बोटीत गेल्या, पट्टे अंगात चढवले आणि आपला नंबर यायची वाट बघत बसल्या. नाकाला खारट वारा लागत होता. किती दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय लावलंय?"

छत्रीची दोरी ज्या चाकावर गुंडाळलेली होती, त्याच्यावर लाल चिठ्ठी होती. शेजारी तपासनीस उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"चाकाला जरासा गंज दिसला," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

"गंज? तो रंग आहे, काका! तपकिरी रंग!" बोटवाला किंचाळला आणि त्यानं चिठ्ठी टराटरा फाडली. पण बाकीच्यांनी ती वाचली होती. 'वापर बंद' वाचल्यावर कोण थांबतंय? एकेक जण पट्टे सोडून उतरला. रोपवे बंद पाडणारे काका ते हेच, हे मग बोटवाल्याच्या लक्षात आलं, कारण बेट लहान होतं आणि बातमी त्यांच्या आधी किनाऱ्यावर पोचली होती.

"उतरा, काकू."

"मी काय केलंय? मी एकटी जाते ना! मला सोडा!"

"तुमच्या घरातलं कुणीही माझ्या बोटीत नको."

बाई उतरल्या. वाळूतून ताडताड चालत निघाल्या, मध्येच वळल्या आणि सगळ्या किनाऱ्यादेखत ओरडल्या, "जिने चढवलेत मला आयुष्यभर! घसरगुंडी बंद केलीत! आता समुद्रपण बंद करा! लावा चिठ्ठी समुद्राला!"

"अगं, ऐक तरी—"

"आजपासून माझ्याशी बोलायचं नाही. मीही बोलणार नाही. घरी जाईपर्यंत अबोला!"

खोलीत येऊन त्यांनी डोक्यावरून चादर ओढली. रडायला आलं त्याचाही त्यांना राग आला. इतकी वर्षं हा माणूस आपली काळजी करतोय असं मुलीला त्या सांगत आल्या होत्या. ही कसली काळजी? जगू देत नाही, नुसतं जपून ठेवतो. विचार करता करता दुपारभर त्यांना गाढ झोप लागली. जागं होऊन बघतात तर तपासनीस खुर्चीत गप्प बसलेले, केस पिंजारलेले. एकदा त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्यांनी ते परत मिटलं.

तिसरा दिवस शेवटचा. संध्याकाळी परतीचं विमान. बाईंनी सकाळीच हॉटेलच्या मॅनेजरला गाठलं.

"तुमची लिफ्ट कुरकुरतेय. माझे मिस्टर त्यातलेच आहेत. बघतील हौसेनं."

"मॅडम, त्यांना त्रास कशाला?"

"त्रास? अहो, उपकार होतील त्यांच्यावर."

थोड्याच वेळात तपासनीस बाह्या सरसावून हॉटेलच्या गच्चीवर लिफ्टच्या मशिनखोलीत शिरले आणि बाई पुलाकडच्या बसमध्ये चढल्या. लबाडी केल्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

पूल चित्रातल्यापेक्षा उंच होता. खाली दरी, दरीत कुठेतरी पाणी, आणि मध्ये नुसती हवा. दोरीवाला तरुण, हसरा होता. त्यानं बाईंचं वजन केलं, पायांना पट्टे आवळले आणि त्यांना फळीच्या टोकाशी नेलं.

"हात सोडा, काकू. काही होत नाही!"

हेच वाक्य बाईंनी हजारो पोरांना सांगितलं असेल. आज ते ऐकून त्यांचे हात कठड्याला जास्तच चिकटले. आणि त्यांच्या तोंडून, त्यांना न विचारता, शब्द बाहेर पडले, "ही दोरी शेवटची कधी तपासली?"

बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ज्याला गच्चीवर कोंडून आलो, तो आपल्या तोंडात बसून इथपर्यंत आला!

दोरीवाला मात्र खळखळून हसला. "दोरीचं नका विचारू, काकू! काल दुपारी एक काका आले होते. दोरी इंच इंच चाचपली, हूक वाकून वाकून बघितले, मला घाम फोडला. शेवटी म्हणाले, सगळं ठीक आहे, पण रिकाम्या दोरीवरून काय कळणार, वजन टाकून बघायला हवं. आणि दिली की उडी! खिशात दगड भरून मारणार होते, ते आम्ही काढून घेतले. तो बघा त्यांचा फोटो."

कठड्यावरच्या फळ्यावर आदल्या दिवशीच्या उड्यांचे फोटो लावलेले होते. एका फोटोत एक माणूस उलटा लटकत होता. गाल डोळ्यांवर आलेले, तोंडाचा मोठा आ. उलट्या माणसाला ओळखायला जरा वेळ लागतो. बाईंना लागला नाही.

"माझा फोन द्या," त्या म्हणाल्या. आवाज इतका शांत होता, की दोरीवाल्यानं धावत जाऊन पिशवीतून फोन आणला.

"अहो. तुम्ही उडी मारलीत?"

पलीकडे लिफ्टच्या मोटारीची घरघर होती. ती बंद झाली.

"मारावी लागली गं," तपासनीस म्हणाले. "तू उडी मारल्याशिवाय परत येणार नाहीस, हे मला माहीत होतं. मग आधी बघून घ्यायला नको?"

"उडी माझी होती! माझी! आणि तुम्ही जाऊन उष्टी केलीत!"

"उष्टी कसली? दोरी तीच आहे."

"मला सांगितलं का नाही?"

"बोलायचं नाही असं तूच म्हणालीस. अबोला तुझा होता."

"आणि दगड कशाला?"

"तुझं वजन माझ्यापेक्षा थोडं... म्हणजे अगदी थोडंच गं... बरोबरी व्हायला हवी ना."

दोरीवाल्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

बाईंच्या कानांतून जाळ निघायचा बाकी होता. पण एक प्रश्न त्यांना अडवता आला नाही. तो विचारल्याबद्दल पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःवर चिडणार होत्या. "भीती नाही वाटली?"

"वाटली की. हातपाय गार पडले होते. पण काय सांगू तुला! पडताना आधी काही कळतच नाही. आणि मग एकदम खाली ते पाणी दिसतं ना, हिरवंगार, आणि पोटात असं—"

"गप्प बसा!"

"अगं, ऐक तर, दोरी वर ओढते तेव्हा तर—"

"एक अक्षर बोलू नका! माझं आहे ते! मी बघणार! मीऽऽ!"

फोन त्यांनी दोरीवाल्याच्या छातीवर आपटला आणि त्याच झटक्यात बाई फळीवर नव्हत्या. दोरीवाल्याला एक-दोन-तीन म्हणायलाही फुरसत मिळाली नाही. दरीतून मात्र आवाज येत राहिला. घसरगुंडी, जिने, रोपवे, दगड, एकेका गोष्टीचा उद्धार होत होता, आणि दोरी वर-खाली झोके घेत होती तसा तो जवळ येत होता आणि लांब जात होता. बसमधून उतरलेले नवे लोक कठड्याशी येऊन भाविकपणे ऐकत उभे राहिले.

बाईंना वर ओढून घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता आणि घसा बसला होता. दोरीवाल्यानं पट्टे सोडायला हात पुढे केला. "जिंकलात, काकू! कसं वाटलं?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी दरीकडे बघितलं, मग दोरीवाल्याकडे.

"पाणी हिरवं होतं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! दिसलं नाही तुम्हाला?"

"कसलं दिसतंय! खाली जाईपर्यंत डोळ्यांसमोर फोटोतला तो माणूस!" त्यांनी पट्ट्यावरचा त्याचा हात झटकला आणि फळीकडे वळल्या. "सोडू नका, आवळा परत. ही उडी त्यांना शिव्या देण्यात गेली. आता माझी मारते."