धुणं धुणाऱ्या ब्रदरांचं तीर्थस्थान

तीर्थस्थान स्थापन व्हायला एक चमत्कार आणि एक समिती लागते. त्यातला चमत्कार नसला तरी भागतं.

मठात कपडे धुण्याचं काम एका ब्रदरांकडे होतं. (प्रवचन त्यांना जमत नसे. एकदा दिलं, ते 'आमेन'वर सुरू होऊन तिथेच संपलं.) धुता धुता दमले की ते मागच्या दारी बाकावर टेकत. समोरच्या कोनाड्यात त्यांनी मरियामातेची वीतभर मूर्ती ठेवली होती. नाक उडाल्यामुळे ती चर्चमधून निवृत्त झाली होती.

एके दिवशी गल्लीतल्या शिंपीणबाई तिथे येऊन बसल्या. लेकीने मनाविरुद्ध लग्न केल्यापासून मायलेकींचा अबोला होता. त्या बराच वेळ बोलल्या. ब्रदर ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "चादरीचं दुसरं टोक धरता का जरा?"

चादर पिळून झाली. बाईंनी डोळे पुसले आणि त्या तडक लेकीच्या घरी गेल्या.

बातमी पसरली. माणसं येऊ लागली, मन मोकळं करू लागली, टोक धरू लागली. मठाच्या चादरी इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या. साहजिकच समिती नेमावी लागली.

समितीने बाईंना आजार विचारला. आजार नव्हता, अबोला होता, असं त्या म्हणाल्या. निदान गुडघा तरी दुखत असेल, अशी समितीने गळ घातली. अखेर, त्या लेकीकडे पायी गेल्या या निर्विवाद पुराव्यावरून 'बाई चालू लागली' असं जाहीर झालं.

मग सगळं रीतसर झालं. मूर्तीला नाक बसलं, कोनाड्यावर घुमट चढला, रांगेसाठी कठडे आले. बाक रांगेच्या आड येत होता, तो हलवला. ओल्या चादरी भाविकांच्या अंगाला लागत, म्हणून धुणं बाहेर दिलं. संस्थापक म्हणून ब्रदरांच्या नम्रतेची संगमरवरी पाटी लागली. उद्घाटनाला ब्रदर रांगेत उभे होते. त्यांचा नंबर येईतो दार बंद झालं.

शिंपीणबाई बाहेर भेटल्या. "ब्रदर, आता माणसांनी बोलायचं कुठे?"

रिकाम्या हातांचं काय करावं, ते ब्रदरांना कळेना. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दोन चादरी काखोटीला मारून ते एका सार्वजनिक नळावर गेले. तिथे ते अजून धुतात. टोक धरायला कुणी ना कुणी येतंच.

तो नळ कुठे आहे, हे इथे लिहिलेलं नाही. तुमच्या मनात तो प्रश्न आलाच असेल, तर अभिनंदन. नव्या समितीचे पहिले सदस्य तुम्हीच.