फुग्याची शेपटी

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, एका हातात चहाचा कप आणि मांडीवर 'वज्रपंचक'चा आठवा अंक अशा अवस्थेत, लॉन्ड्रीवाल्या काकांना कळलं की आपण आयुष्यभर एका चोराचं वाक्य घोकत आलो आहोत.

अंक आले होते ताईकडून. घर बदलताना तिला माळ्यावर धाकट्या भावाचं खोकं सापडलं आणि "तुझी रद्दी तूच सांभाळ" अशी चिठ्ठी लावून तिनं ते धाडून दिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण सुतळी सोडायचा धीर नव्हता, दातांनीच तोडली हो! वज्रपंचक म्हणजे चित्रकथेतल्या पाच महावीरांची तुकडी. त्यांचे तेवीस अंक काकांनी शाळेत असताना गणितापेक्षा जास्त मन लावून वाचले होते. आणि आठव्या अंकातलं ते वाक्य तर काळजावर कोरलं होतं: "गाजावाजा नको, गवगवा नको, जिथे आपला हात फिरेल, तिथे खूण उरणार नाही!"

लॉन्ड्री काढली तेव्हा काकांनी हेच वाक्य दुकानाच्या बोर्डावर रंगवून घेतलं. मग ते पिशव्यांवर आलं, मालाच्या गाडीवर आलं. डाग काढण्याच्या धंद्याला याहून चपखल काय असणार? कुणी विचारलं, "वाक्य कुणाचं हो?" की काका छाती पुढे काढून सांगत, "वज्रपंचकाचं. दुबळ्यांच्या कैवाऱ्यांचं!"

लहानपणी चित्र असं दिसायचं: पाचही वीर मुठी उगारून रस्त्यावर उभे, आणि त्यांच्या पायांपाशी बोलण्याचा फुगा. आज चष्म्यातून दिसलं की त्या फुग्याला शेपटी होती. बारीक, वळणावळणाची. ती वीरांकडे जातच नव्हती. ती सरळ गटाराच्या जाळीत शिरत होती, आणि जाळीखालून दोन डोळे लुकलुकत होते. काळतोंड्या! दरोडेखोरांचा म्होरक्या! काकांनी घाईघाईनं पान उलटलं, तर पलीकडे तोच म्हणत होता, "चला रे, आता तिजोरी फोडा!"

"अगं ए, मेलो!" काका ओरडले.

"कपडे धुवायचे पडलेत, नंतर मरा," काकू आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्यांनी चित्र बघितलं. "बरं, चोराचं तर चोराचं. डाग निघतात ना?"

"अगं, अकरा वाजता कोण येणार आहे?"

मग मात्र काकूंनी पदर खोचला. अकरा वाजता पोलीस ठाण्याचे साहेब यायचे होते. ठाण्यातल्या चव्वेचाळीस जणांचे गणवेश या लॉन्ड्रीत द्यायचे की नाही, ते जातीनं बघून ठरवणार होते. कोपऱ्यावर नवी चकाचक लॉन्ड्री उघडल्यापासून काकांची निम्मी मशिनं झोपा काढत होती. हे काम मिळालं नाही, तर वीस वर्षं इस्त्री करणाऱ्या मावशींना घरी बसवायची वेळ येणार होती. आणि पोलिसांच्या पुढ्यात दरोडेखोराची शपथ झळकवायची म्हणजे झालंच की कल्याण!

काका कामाला लागले. बोर्डावर डबल बेडची चादर टाकली. पिशव्या उलट्या केल्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्रं चिकटवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत नुसता फिरत राहा. इकडे फिरकू नकोस." मावशींची समजूत काढणं सर्वांत अवघड गेलं, कारण गठ्ठा हातात देताना त्या ते वाक्य म्हटल्याशिवाय राहत नसत.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका."

"म्हणजे मिठाची गुळणी धरून बसू? गिऱ्हाईकाला वाटेल, मावशी रुसली."

"वाटू दे!"

साहेब दहा मिनिटं आधीच हजर झाले. उंच, ताठ, मिशीला कात्रीची शिस्त. दारातच थांबून त्यांनी वर बघितलं.

"बोर्डावर चादर का?"

"वाळत घातलीय, साहेब."

"आत कपडे सुकवायची मशिनं दिसतायत."

"उन्हाची गोष्टच वेगळी असते."

"इथे सावली आहे."

काका घशातल्या घशात हसले. साहेबांनी एक पिशवी उचलली. "या उलट्या का?"

"आतूनसुद्धा स्वच्छ असतात, हे दिसावं म्हणून."

साहेबांनी मावशींना विचारलं, "किती वर्षं काम करता इथे?" मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांची दहा बोटं दोनदा दाखवली. "बोलता येत नाही?" मावशींनी मान हलवली, येतं. "मग बोला की!" मावशींनी काकांकडे बघितलं. साहेबांनीही काकांकडे बघितलं. काकांची पाचावर धारण बसली.

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडचे हवालदार इतक्या मोठ्यानं बोलत होते की दुकानभर ऐकू गेलं.

"साहेब, एक संशयित गाडी पकडलीय! ठाण्यासमोरून सात चकरा मारल्या. बाजूला कागद डकवलेले. ड्रायव्हर म्हणतो, काकांनीच नुसतं फिरायला सांगितलंय."

"कागद काढा," साहेब काकांवरची नजर न हलवता म्हणाले.

टरटर आवाज आला.

"काय आहे खाली?"

"साहेब... खाली आपली शपथ लिहिलीय!"

साहेब तडक बाहेर गेले आणि एका हिसक्यात चादर खाली ओढली. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तो ताठ माणूस एकदम शाळेतल्या पोरासारखा नाचला.

"वज्रपंचक! अंक आठवा! अहो काका, या वाक्यासाठी मी पोलिसात आलो! रोज सकाळी कवायतीनंतर आमचे चव्वेचाळीस जण एका सुरात म्हणतात हे! काम तुमचंच. उद्यापासून गणवेश घ्या!"

मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंनी काकांना डोळ्यांनी बजावलं, आता तोंड उघडू नका. खरंच, तोंड उघडायची काही गरज नव्हती. पण ज्या माणसाला वज्रपंचकानं खोटं न बोलायला शिकवलं, त्याला वज्रपंचकाच्या बाबतीत खोटं कसं बोलवणार? काकांना फार वाईट वाटत होतं. तरी त्यांनी अंक आणला, पान उघडलं आणि म्हणाले, "साहेब, शेपटी बघा."

साहेबांचं बोट फुग्यावरून निघालं, वळणं घेत रस्ता ओलांडून गेलं आणि गटारात पोहोचलं. पान उलटून त्यांनी तिजोरीही वाचली. मग टोपी काढून ते मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसले.

"चव्वेचाळीस जण," ते पुटपुटले. "एका सुरात."

"पाणी देऊ?"

"बाकीचे अंक द्या. वज्रपंचकातलं कुणीतरी, कधीतरी, काहीतरी धड बोललं असेलच की!"

दोघं गठ्ठ्यावर बसून तेवीस अंक चाळू लागले. अंक पहिला: "धडाम!" अंक पाचवा: "घे, नीचा!" अंक अकरावा: "सावध! आऽऽऽ!" काकांना भडभडून आलं. जीव ओवाळून टाकला होता या पाच जणांवर, आणि सगळं शहाणपण त्या काळतोंड्याच्या तोंडी! एकोणिसाव्या अंकात पडक्या पुलावर बसलेले पहाडराव, म्हणजे पंचकातले सर्वांत धिप्पाड, एक पूर्ण वाक्य बोलले होते. दोघांनी दोनदा शेपटी तपासली. ती थेट पहाडरावांच्या तोंडात जात होती.

"हेच एक आहे," काका चाचरत म्हणाले.

साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. "चोराचं म्हणण्यापेक्षा हे बरं."

"आणि आमचं काम?" काकूंनी विचारलं.

"ते दिलंच आहे. बोर्डही राहू दे तुमचा, तुम्ही डागच काढता. आमचं तसं चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायत संपली आणि ठाण्याच्या मैदानावर चव्वेचाळीस पोलीस मुठी उगारून गरजले, "आधी जेवू, मग बघू!" इतक्या मनापासून त्यांनी आजवर कुठलीच शपथ घेतली नव्हती.