मध्य कसब्याची हद्द आणि पोळपाट बोळ

विद्येच्या देवीस नमन, आणि तिच्या दारामागे चूल पेटवणाऱ्या हातांस त्याहून खाली वाकून नमन. ऐकणारांनी हसू येईल तेथे हसावे, आणि शेवटास कोणाची मान खाली गेली तर ती आपलीच समजावी. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, माघ शुद्ध पंचमीस मध्य कसब्याची मोजणी व खानेसुमारी करण्याची आज्ञा जाहली, आणि त्या मोजणीत एका विद्वान पुरुषाची काय शोभा जाहली, त्याची ही हकीकत.

संस्थान म्हणजे एक महाविद्यालय आणि त्याच्या आधाराने वाढलेले गाव. गादीवर प्राचार्य, त्यांस लहानथोर सारे सरकार म्हणत. प्राध्यापक ते सरदार, आणि विद्यार्थी ते शिलेदार. हे शिलेदार जून महिन्यात ट्रंका व वळकट्या घेऊन चालून येत, आणि परीक्षेत तरोत वा बुडोत, एप्रिलात डेरे उठवून जात. मध्य कसब्याची रचना ऐसी, की पूर्वेस संस्थानाचा मोठा दरवाजा, दक्षिणेस एसटीचा तळ, पश्चिमेस झेरॉक्सची सतरा दुकाने, जेथे एकाने वही लिहावी आणि चाळिसांनी तिच्या प्रती काढाव्या, ऐसा विद्येचा प्रसार चाले. मधोमध चौक, आणि चौकात कारंजे, ज्यातून उद्घाटनाच्या दिवशी पाणी आले होते म्हणतात. घरमालक आपण स्वयंपाकघरात पथारी टाकीत आणि बाकीच्या खोल्या शिलेदारांस भाड्याने देत, आणि मग माणसे फार झाली म्हणून तेच कुरकुरत. उत्तरेस संस्थानाची उंच भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून पोळपाट बोळ.

हा बोळ नकाशापुरता लहान, परंतु संस्थान त्याच्यावर जेवत असे. त्रेचाळीस घरे, आणि घरोघरी बायका शिलेदारांच्या आणि सरदारांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटीत. त्यांचे घड्याळ म्हणजे संस्थानाची घंटा. पहिल्या घंटेस कणीक भिजवावी, दुसरीस तवा चढवावा, चौथी झाली की लाटणे ठेवून डबे बांधावे. ऐसे तीन पिढ्या चालले होते. पाणी मात्र बोळात नव्हते, ते चौकातल्या आडावरून डोक्यावर आणावे लागे. त्यात त्या वर्षी नगरपालिकेने नळ घालण्याचे मनावर घेतले आणि सरकारांस निरोप धाडिला, की मध्य कसब्याचा नकाशा व माणसांची गणती आम्हांस द्यावी, जेवढी वस्ती कागदावर तेवढ्यास नळ. मग सरकारांनी भूगोलाचे सरदार विश्वंभरपंत यांस बोलावून आज्ञा केली, की हे काम आपले.

विश्वंभरपंत वयाने पस्तिशीचे, बोलण्यात गोड, नकाशा काढण्यात एक नंबर, आणि अद्याप एकटे, सबब जेवण डब्याचे. संस्थानात रुजू झाले ते समयी सरदारांनी घराणे विचारिले, तेव्हा पंत बोलून गेले, की आमचे घर लांब दक्षिणेकडे, थोडी शेतीवाडी आहे. खरे पाहता त्यांचा जन्म पोळपाट बोळातल्या पहिल्याच घरातला. आईबाप लवकर गेले, आणि थोरली बहीण भागीरथी, जीस बोळ भागाक्का म्हणे, तिने पोळ्या लाटून या भावास पदव्युत्तर परीक्षेपर्यंत पोचविले, आणि स्वतःच्या लग्नाचे नाव काढिले नाही. भाऊ सरदार जाहला आणि गावाबाहेर सरदारांच्या वसाहतीत राहावयास गेला, आणि मग येणे कमी, आणि मग येणेच नाही. रस्त्यात भेट झाली तर भागाक्काच पदर सावरून दुसऱ्या कडेने जाई, आणि सोबतीच्या बायकांस सांगे, "हाक मारू नका गं. त्याच्याबरुबर मोठी मानसं हायती." तरी पंतांचा एकेचाळीस नंबरचा डबा ती दुसरीस बांधू देत नसे, आणि पोळीच्या घडीत गुळाचा एक खडा ठेवी, कारण लहानपणी पंत गुळावाचून उठत नसत. आणि खानेसुमारीस कोणीही आला आणि घरात माणसे किती म्हणून पुसले, की भागाक्का "दोघं" म्हणूनच सांगे.

आता मध्य कसब्याची हद्द ठरविण्याचा रिवाज जुना. नाईकबा शिपायाने घंटा वाजवीत राहावे, मोजणाराने चारही दिशांस चालत जावे, आणि जेथे नाद तुटेल तेथे दगडावर चुन्याची खूण करावी. आत तो मध्य कसबा, बाहेर ते बाहेरगाव. पंत तीन दिशा सरळ चालले आणि खुणा केल्या, आणि मग उत्तरेस निघाले. सोबत इतिहासाचे सरदार, हाती वही. बोळाच्या तोंडाशी येताच आतून पिठाचा आणि तव्याचा वास आला, आणि पंत जागीच थांबले. मनात आले, की आत गेलो तर पहिलेच घर तिचे, आणि कोणी म्हातारी "इसबा आला गं" म्हणून लहानपणीच्या नावाने ओरडली तर इतिहासाचे सरदार तो इतिहास चहाच्या वेळेपर्यंत सर्वांस शिकवतील. घंटा तर कानाशी वाजत होती. परंतु पंतांनी मान कलती केली, डोळे मिटिले, आणि म्हणाले, "येथे ऐकू येत नाही." इतिहासाचे सरदार म्हणाले, "मला तर येते." पंत म्हणाले, "तो प्रतिध्वनी." आणि भिंतीच्या दगडावर चुन्याचे बोट ओढिले, आणि परत फिरले. गणती भरली तीन हजार नऊशे सहा.

मग नळ आले आणि बोळाच्या तोंडाशी येऊन थांबले. तेव्हा बोळातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन सरकारांच्या कचेरीत आल्या, आणि पुढे भागाक्का. सरकारांनी पंतांस बोलाविले. पंत भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत बोलिले, "बोळ सखल आहे, नाद वरच्या वर निघून जातो. शास्त्र आहे हे." भागाक्का पंतांस म्हणाली, "साहेब, आमचा सगळा दीस त्या घंटंवर चालतो." पंत तिजकडे न पाहता म्हणाले, "कागद वर गेला आहे. सरकारी कागदात खाडाखोड चालत नाही, बाई." जिने घास भरविला तीस बाई म्हणाले. भागाक्काने घागर कमरेवर घेतली आणि निघाली. पंतांस त्या दिवशी डबा उघडवेना, आणि उघडला तो पोळीच्या घडीत गूळ होता.

सरकार मात्र शास्त्रावर विसंबणारे नव्हते. दुसरे दिवशी सकाळी स्वारी स्वतः बोळात गेली, सोबत इतिहासाचे सरदार, आणि मागे पाय ओढीत विश्वंभरपंत. दारोदारी बायका उभ्या राहिल्या. भागाक्काची शेजारीण शेवंताबाई मोठी तिखट, ती हात नाचवून सांगू लागली, "सरकार, गरवार बाईनं दोन घागरी घिऊन चौकातनं यायचं, तुमीच सांगा, ह्यो काय न्याय झा..." इतक्यात भिंतीपलीकडे चौथी घंटा जाहली. शेवंताबाई शब्द तोंडात ठेवून आत वळली. सगळ्याच वळल्या. त्रेचाळीस घरांत लाटणी एकदम थांबली, डब्यांच्या कड्या खटाखट लागल्या, आणि बोळाच्या मधोमध सरकारस्वारी एकटी उभी राहिली. कोणी साक्ष दिली नाही आणि कोणी शपथ घेतली नाही. सरकारांनी पंतांकडे पाहिले आणि इतकेच म्हणाले, "पंत, कान तपासून घ्या." इतिहासाचे सरदार खोकले. पंतांच्या कानांच्या पाळ्या लाल जाहल्या. जमीन दुभंगावी ऐसे त्यांस वाटले, परंतु भूगोलाच्या सरदारास ठाऊक असते, की ती अशी सहज दुभंगत नाही.

मग आज्ञा जाहली, की गणती आत्ता, उभ्या उभ्या करावी. वही पंतांच्याच हाती, आणि पहिले घर तेच. भागाक्का पिठाचे हात पुशीत उंबऱ्यावर आली. पंतांनी विचारिले, "नाव?" "भागीरथी," ती म्हणाली. "घरात माणसे किती?" शेवंताबाई शेजारच्या दारातून म्हणाली, "दोन लिवा की. दर खेपंला दोनच सांगती ती." भागाक्काने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले, आणि त्या पाहण्यात राग असता तर पंतांस बरे वाटले असते. ती म्हणाली, "न्हाई. एकच लिवा."

"लिहा, पंत," सरकार म्हणाले. आणि पंतांनी लिहिले, एक. शाई वाळेपर्यंत ते त्या आकड्याकडे पाहत राहिले, आणि मग कोठून बळ आले कोण जाणे, सरकारांपुढे, सरदारांपुढे, बोळातल्या सगळ्या बायांपुढे मोठ्याने बोलिले, "सरकार, हा आकडा चुकला. या घरातला दुसरा मी. ही माझी थोरली बहीण, हिनेच मला शिकविले, आणि मी घंटा ऐकूनही ऐकली नाही म्हणालो. आक्का, मी चुकलो." आणि एकाचे दोन करण्यास पेन कागदावर टेकविले. भागाक्काने पिठाचा हात वहीवर पालथा ठेविला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, साहेब. खाडाखोड चालत न्हाई म्हनं." आणि हात उचलला, आणि आत जाऊन डबे बांधू लागली, कारण उशीर जाहला होता.

यावर थोडक्यात इतकेच, की चैत्रात पोळपाट बोळास नळ आला आणि पहिले पाणी भागाक्काच्या दारात पडले. चुन्याची खूण विश्वंभरपंतांनी स्वहस्ते पुसली, तरी दगडावर डाग आहे. एकेचाळीस नंबरचा डबा रोज वेळेवर येतो, पोळी तीच आणि घडीही तीच. गुळाचा खडा नसतो. पंत रविवारी बोळात जातात आणि उंबऱ्याबाहेर बसतात, आणि त्यांस पाणी मिळते. बोळाची माणसे दोनशे अकरा, पूर्वीची तीन हजार नऊशे सहा, एकूण मध्य कसबा चार हजार एकशे सतरा. विश्वंभरपंतांची वसाहत घंटेच्या नादाबाहेर पडते, सबब ते या आकड्यात नाहीत.