मागणी शून्य, पुरवठा एक

मागणी थांबली की पुरवठा आपोआप थांबतो, हे सत्य निर्विवाद असून गेल्या वर्षभरात मी ते एकोणीस व्यासपीठांवरून सांगितलं आहे. (अठरा ठिकाणी शाल मिळाली, एका ठिकाणी नुसता नारळ.)

निवृत्त मुख्याध्यापक असल्याने कोल्हापुरातल्या आमच्या 'मानवी तस्करी मागणी निर्मूलन समिती'चं अध्यक्षपद माझ्याकडे आपसूक आलं. समितीने आधी मागणीचाच शोध घेतला. 'आपणांस विकत आणलेलं माणूस हवं आहे काय?' असा लेखी प्रश्न दोनशे बारा पुरुषांना विचारला. दोनशे बारा जणांनी 'नाही' लिहिलं. सबब, जिल्ह्यात मागणी शून्य असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. जी काही असेल ती शेजारच्या जिल्ह्यातली असावी, असंही नोंदवलं.

त्याच महिन्यात कोडोलीहून माझ्या धाकट्या बहिणीचा, शालूचा फोन आला.

"आण्णा, धैर्यशीलचं जमलं की! एजंटानं पोरगी आणलीया. लांबची हाय, पण गरीब हाय. उलटं बोलत न्हाय."

धैर्यशील माझा भाचा. वय छत्तीस, दीड एकर ऊस, चार म्हशी, सुपारीचंही व्यसन नाही. एकवीस घरी त्याने कांदेपोहे खाल्ले आणि शेतकरी नवरा नको, हे एकवीस वेळा ऐकलं. त्यातलं एक घर माझं. शालूने माझी संयोगिता मागितली होती. मी पुण्याचा नोकरीवाला पाहिला. (धैर्यशील गुणी आहे, हे मी नकार देतानाही आवर्जून सांगितलं होतं.)

लग्न देवळात झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि स्त्रीसन्मानावर चार शब्द बोललो. नवरी रडत होती. नवऱ्या रडतातच.

तिसऱ्या आठवड्यात जोडपं आमच्याकडे जेवायला आलं. नवरी स्वयंपाकघरात माझ्या पत्नीशी, माईंशी, हिंदीत बोलत बसली. थोड्या वेळाने माई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, हिला काजूच्या कारखान्यात काम देतो म्हणून आणलंय. देवळापाशी उतरल्यावर कळलं, लग्न हाय म्हणून. फोन एजंटानं काढून घेतला. हिच्या घरच्यांना ही कुठं हाय ते सुद्धा ठाऊक न्हाय."

धैर्यशीलने हातातला घास ताटात परत ठेवला. "मामा, ती रोज रडायची. मला वाटलं, माहेरची आठवण येत आसंल."

"हा विषय गंभीर आहे," मी म्हणालो. "मंगळवारी समितीची बैठक बोलावतो."

"बसा बैठक घेत," माई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, तिचा हात धरला आणि रिक्षा करून पोलीस ठाणं गाठलं. धैर्यशील ताटावरून उठून मागोमाग गेला आणि स्वतःविरुद्ध जाईल असा जबाब स्वतःच देऊन आला. मी घर सांभाळलं.

आठ दिवसांनी तिचा भाऊ न्यायला आला. स्टेशनवर तिने मंगळसूत्र काढून धैर्यशीलच्या हातात दिलं. तो ते मुठीत धरून मान खाली घालून उभा राहिला. माईंना तिने मिठी मारली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. एकोणीस भाषणांतलं एकही वाक्य त्या वेळी माझ्या उपयोगी पडलं नाही.

एजंट फरार आहे. साक्षीदाराची चौकशी चालू आहे. (साक्षीदार सहकार्य करीत आहे.)

मन हलकं करावं म्हणून ही हकीकत मी एका साप्ताहिकात छापली. अकरा फोन आले. अकराही जणांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मग आवाज बारीक करून विचारलं, "सर, त्या एजंटाचा दुसरा नंबर आसंल की तुमच्याकडं?"

तुमचा फोन आलेला नाही, याचा आनंद आहे. अर्थात, तुमच्या घरी लग्नाचा मुलगा नसेल. मुलगी असेल, तर धैर्यशीलची पत्रिका पाठवू का?