भामाबायच्या चार खोल्या

भामाबायची रिकामी खोली बघायला मी गेले, तेव्हा खोली रिकामी नव्हती. चटई अंथरलेली होती, स्टोव्हवर पेज शिजत होती आणि घरमालकीण स्वतः भिंतीला पाठ टेकून बसली होती.

"खोली भाड्याने द्यायची आहे ना?" मी विचारलं.

"दितां. पूण आनी तीन दीस राव. हांव अजून रावतां हांगा."

भाडेकरू गेला की ती त्या खोलीत आठ दिवस मुक्काम करायची, आणि त्यातले तीन अजून उरले होते. तिचं स्वतःचं घर त्याच आवारात, मागच्या बाजूला, दहा पावलांवर. मी गोव्यातल्याच पेडण्याची. डिचोलीच्या शाळेत नोकरी लागलेली, दुसरी खोली मिळत नव्हती. थांबले.

"घर उलयता, पूण सवकास," असं तिचं म्हणणं. घर बोलतं, पण सावकाश. एका फेरीत त्याचं काही कळत नाही.

आठ दिवसांत तिला बरंच कळायचं. दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते. मोरीतला नळ इतका खाली की बाल्दी तिरकी धरावी लागते. माझ्या खोलीत दिव्याचं बटण दाराच्या मागे होतं. ते हलवायला तिने इलेक्ट्रिशियन बोलावला.

"भामाबाय, बल्ब पेटता मगो," तो म्हणाला.

"पेटता. पूण मनीस काळखांत भितर येता, दार धांपता, मागीर बटण सोदता. तूं येवन पळय."

तिने त्याला खरंच बाहेर पाठवलं आणि अंधारात आल्यासारखं आत येऊन, दार लावून बटण शोधायला लावलं. बटण हललं. खर्च तिचा, भाडं तेवढंच. भाडं वाढवण्याचाही तिचा एक नियम होता. नवी सोय केली की भाडेकरूने ती महिनाभर वापरायची आणि मग तिला सांगायचं, उपयोगी आहे की नाही. आहे म्हटलं तरच वाढ. शेजारच्या खोलीतला तानाजी गडहिंग्लजकडचा, इथल्या कारखान्यात पाइप फिटर. त्याला गरम पाण्याचा गिझर मिळाला तेव्हा महिन्याने तो गंभीरपणे म्हणाला, "मावशी, खरं सांगू? आमाला गारच पाणी बरं वाटतंय बघा." त्याच्या बायकोने, वंदनाने, मागून त्याला कोपर मारलं. बाळाला अंघोळ घालताना ती त्याच गिझरचं पाणी घ्यायची, हे भामाबायला ठाऊक होतं. तरी भाडं वाढलं नाही.

चारही खोल्यांना वीज एकाच मीटरवरून होती, त्यामुळे बिल आलं की आवारात अबोला. शेवटी तिने प्रत्येक खोलीला वेगळं मीटर घ्यायचं ठरवलं आणि अर्ज भरायला माझ्याकडे आली. अर्जात सगळ्या घरातले दिवे, पंखे, प्लग लिहायचे होते. मी वही घेऊन मोजत निघाले. चार खोल्या झाल्या आणि मी तिच्या घराकडे वळले.

"थंय कितें पळयतलें? बरय एक," ती घाईने म्हणाली.

"एक लिहू? एक काय?"

"एक कितेंय."

तीन वर्षं मी तिची भाडेकरू होते, पण तिच्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. काही द्यायचं असलं की तीच बाहेर यायची. त्या दिवशी आत गेले. सगळ्या घरात एकच बल्ब होता, स्वयंपाकघरात. प्लग नव्हता. नळही नव्हता. कोपऱ्यात तांब्याच्या दोन कळशा. त्या ती रोज तानाजीच्या खोलीबाहेरच्या नळावरून भरून आणायची. आम्हाला वाटायचं, झाडांना घालते.

"तुमच्याकडे नळ का नाही, भामाबाय?"

ती कळशीवरचं झाकण सारखं करत राहिली. "तांणी सांगिल्लें. आदीं भाड्याच्यो खोल्यो, मागीर आमचें."

'तांणी' म्हणजे तिच्या नवऱ्याने. तो खाणीवर मेकॅनिक होता. दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि तो वारला. उरलेल्या दोन तिने बांधल्या. त्यानंतर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खोलीत काहीतरी निघायचंच, आणि त्याचं ते 'मागीर', ते 'नंतर', काही आलंच नाही.

अर्जात मी लिहिलं, एक बल्ब. तानाजीला जाऊन सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी तो पाइप आणि हत्यारं घेऊन तिच्या दारात उभा राहिला. वंदना बाळाला कडेवर घेऊन मागे. भामाबाय दार अडवून म्हणाली, "आदीं खोल्यो."

"खोल्या झाल्या की वो मावशी," वंदना म्हणाली. "आता सरका जरा."

ती सरकली.

दुपारपर्यंत नळ बसला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. भामाबायने त्याखाली हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप काढले, त्या नळाखाली धुतले आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "बसा. च्या करतां."

चहा झाला. बाळ जमिनीवर झोपलं. तानाजी हत्यारं गोळा करून उठला.

"आनी मातसो बस," ती म्हणाली. "नळ गळलो जाल्यार?"

नळ गळत नव्हता. तानाजीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पाना खाली ठेवला आणि परत बसला.